जुळणारं व्हर्जन

संगीताला शेवटचं भेटले तेव्हा ती माझ्यावर वैतागली होती. सोमवारची दुपार होती. यवतमाळच्या दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात खिडकीजवळची खाट, नाकाला ऑक्सिजनची नळी, आणि छातीत असं दुखत होतं की एकेक वाक्य दोन-तीन तुकड्यांत बोलावं लागत होतं. मी संत्री नेली होती, तिकडे तिने पाहिलंही नाही. "रजिस्टरच्या कॉपीवर कोणतं व्हर्जन टाकलं?" मी सांगितलं, पायथन तीन पॉइंट सात. "अन् फ्रेमवर्क?" तेही सांगितलं. तिने डोळे मिटले. मला वाटलं, डोळा लागला... थोड्या वेळाने तशीच मिटल्या डोळ्यांनी म्हणाली, "कागदावर पाहून सांगून राह्यली, का आठवनीतून?" मी आठवणीतून सांगत होते. "आठवनीतून नको सांगत जाऊ वो माधवी. पाह्य, मंग सांग." मी म्हटलं, बरं, उद्या बघते. मंगळवारी मला दुसरी कामं निघाली. बुधवारी सकाळी सातच्या सुमारास तिच्या भावाचा, प्रवीणचा फोन आला. "ताई गेली," एवढंच म्हणाला. मागे कोणीतरी खाटेची चाकं सरकवत असल्याचा आवाज येत होता. मी गॅस बंद केला. दूध उतू गेलेलं होतं, ते पुसत बसले. तिचं वय एकोणचाळीस.

या गोष्टीला सात आठवडे झाले. वर्तमानपत्राच्या पुरवणीत संगीतावर लिहावं असं मला सुचवलं गेलं तेव्हा मी आधी नाही म्हटलं होतं, कारण तिच्यावर खरं लिहायचं तर एका गुरुवारबद्दल लिहावं लागणार आणि तो गुरुवार माझा आहे. पण तो वगळून लिहिलं असतं तर तिने वाचून कागद परत केला असता.

संगीता बाभुळगावच्या पुढच्या एका खेड्यातली. घरी कापूस, तूर, सोयाबीन. आमच्या घरात मात्र तीन पिढ्या कचेरीतल्या. वडील, आजोबा, सगळे टेबलामागे बसणारे. आम्ही यवतमाळला एकाच कॉलेजात कॉम्प्युटर शिकलो. तिला सिकलसेल होता. आमच्या जिल्ह्यात हा शब्द सांगावा लागत नाही, पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगते: रक्तातल्या तांबड्या पेशी गोल राहत नाहीत, विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मग हाडांत अशा कळा येतात की माणूस दात खाऊन पडून राहतो. हा आजार आई-बापाकडून, जन्माबरोबर येतो. ती मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचे कपडे घालायची, दोन लिटरची बाटली सतत जवळ ठेवायची आणि पेपर लिहिता लिहिता पाणी प्यायची. दोन सेमिस्टर तिची वॉर्डातच गेली, आणि तरी ती माझ्याआधी नापास विषय सोडवून मोकळी झाली होती. लग्नाची बोलणी दोनदा आली. दोन्हीदा तिनेच मुलाच्या घरच्यांना आधी रक्त तपासून घ्यायला सांगितलं. एकाने तपासून घेतलं आणि तो परत आला नाही. दुसरा तिथूनच उठला. ती हे सांगताना हसायची. मला कधी हसू आलं नाही.

पुढे आम्ही दोघींनी लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका दालमिलच्या वरची खोली भाड्याने घेतली. कीबोर्डच्या फटींत तुरीचा भुसा बसायचा. जिनिंगवाल्यांच्या, बियाणंवाल्यांच्या वेबसाइट करायचो, दोन शाळांचे निकालही केले. एक दिवस सिकलसेलच्या केंद्रातल्या डॉक्टरबाई जिना चढून आल्या. केंद्र म्हणजे तीन खोल्यांचं. दर गुरुवारी जिल्हाभरातून मुलं यायची, तपासणी, गोळ्या, कुणाला रक्त. संगीता स्वतः त्यांचीच पेशंट. मुलांच्या नोंदी जाड वह्यांत होत्या, आणि एका पावसाळ्यात त्यातल्या चार वह्या भिजून गेल्या होत्या. डॉक्टरबाईंना इंटरनेटवरचं रजिस्टर हवं होतं: कोणत्या मुलाचा रक्तगट कोणता, शेवटचं रक्त कधी दिलं, कशाने त्रास झाला, हे केंद्रातूनही दिसावं आणि गरज पडली तर दुसऱ्या दवाखान्यातूनही.

रजिस्टर कशात लिहायचं, यावरून आमचं पहिलं खरं भांडण झालं. पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा दोघींना येत होती. त्या भाषेत वेबसाइट उभी करायला एक तयार सांगाडा मिळतो, त्याला फ्रेमवर्क म्हणतात. लॉगिन, फॉर्म, यादी हे सगळं त्यात आयतं असतं, आपण आपल्या भिंती भरायच्या. तेव्हा पायथनचं तिसरं व्हर्जन नुकतं आलं होतं. दुसरं जुनं, तिसरं नवं, आणि दोन्ही एकमेकांना मिळत नव्हती. दोनमध्ये लिहिलेलं तीनमध्ये जसंच्या तसं चालायचं नाही. मी म्हटलं, सगळं जग तीनकडे जाणार, आपण आजच तीन घेऊ. संगीताने एकच विचारलं, "फ्रेमवर्क चालते का त्याच्यावर?"

"आज नाही तर उद्या चालेल."

"उद्या म्हंजे कवा?"

मला माहीत नव्हतं. ती दोन दिवस बसली. एका बियाणं कंपनीचं कॅलेंडर उलटं करून तिने त्यावर तक्ता आखला. डावीकडे फ्रेमवर्कची व्हर्जनं, वर पायथनची, आणि फ्रेमवर्कवाल्यांनी स्वतः लिहून ठेवलेलं वाचून प्रत्येक चौकोनात खूण. तीनच्या खाली एकही बरोबरची खूण नव्हती. दोनच्या घरातही सगळं सगळ्याला जुळत नव्हतं. फार जुनं घेतलं तर फ्रेमवर्कचं पुढचं व्हर्जन त्याला सोडून देणार होतं. शेवटी तिने एका चौकोनावर बोट ठेवलं. दोन पॉइंट सहा.

"पण ते काही वर्षांनी बंद होणार," मी म्हटलं. "मग काय, सगळं पुन्हा लिहायचं?"

"हाव. लिहू. मी नसली तं तू लिहजो." मग बाटली तोंडाला लावून पाणी प्यायली आणि म्हणाली, "मले दहा वर्षांनंतर चालनारं नको. येत्या गुरुवारी चालनारं पाह्यजे. लेकरं गुरुवारी येते."

खरं सांगते, मला वाटलं होतं की ही आजारी आहे म्हणून हिला लांबचं दिसत नाही. असं मी तिला बोलले नाही, पण मनात ठेवलं, आणि पुढे तेच माझ्या अंगावर आलं.

रजिस्टर चाललं. चार वर्षं ते एकदाही बंद पडलं नाही. ती कापसाची वाईट वर्षं होती; वाचणाऱ्यांपैकी अनेकांनी ती आपापल्या घरात पाहिली आहेत, त्यामुळे मी फार सांगत नाही. मला ती केंद्राच्या बाकावरून दिसली. वेचणी लागली की गुरुवारचा बाक रिकामा पडायचा. कापूस फुटलेला असला की एक माणूसही शेतातून सुटत नाही, आणि मुलाला यवतमाळला आणायचं तर एका माणसाचा पूर्ण दिवस जातो. संगीताच्या घरीही हेच. भाव वाढेल म्हणून कापूस महिनोन्महिने बैठकीच्या खोलीत आढ्यापर्यंत रचलेला, आणि त्या कापसाला टेकून हिची खाट. ती खोकायची, अंगावर बारीक पुरळ उठायचं, आई म्हणायची यवतमाळलाच राहत जा, पण हिला शनिवारी घरी जायचंच असायचं. वडील कापसाच्या ढिगाकडे बघत जेवतात, असं तिने एकदा मला सांगितलं होतं.

आणि मग तो गुरुवार.

त्या आठवड्यात मंगळवारपासून संगीता वॉर्डात होती. कळा आल्या होत्या, सलाइन चालू होतं. ज्या कंपनीच्या मशीनवर आमचं रजिस्टर होतं तिची मेल बुधवारी मला आली: मशीन नवं येतंय, तुमची साइट आत्ता हलवायची की तीन महिन्यांनी? नव्या मशीनवर फक्त पायथन तीन असणार होतं. आमचं फ्रेमवर्क आता तीनवर चालतं, असं मी नुकतंच कुठेतरी वाचलं होतं. ते खरंच होतं, पण ते फ्रेमवर्कच्या नव्या व्हर्जनबद्दल होतं. आमचं रजिस्टर चार वर्षांपूर्वीच्या व्हर्जनवर उभं होतं, ते तीनवर चालणारच नव्हतं. संगीताने असा प्रत्येक चौकोन तपासला असता. मी तक्ता काढला नाही. ती आजारी आहे, तिला कशाला त्रास द्यायचा, आणि एकदा माझंही म्हणणं खरं ठरू दे, असं दोन्ही माझ्या मनात होतं. मी 'आत्ता' वर बोट दाबलं.

गुरुवारी सकाळी नऊला केंद्रातून मीनाताई सिस्टरचा फोन. "ताई, पांढरं दिसून राह्यलं. काहीच येत नाही."

मी म्हटलं, "अर्ध्या तासात होईल."

अर्ध्या तासात काही झालं नाही. कंपनीच्या माणसाला फोन केला. तो अगदी शांतपणे म्हणाला, जुनी मशीन मोकळी केली मॅडम, आता परत हवी तर आठवडा लागेल. मी एक ओळ दुरुस्त करायची की दुसरी फुटायची. दहा वाजता मीनाताईंना पुन्हा अर्धा तास सांगितला. अकराला पुन्हा. संगीताचा वॉर्ड माझ्यापासून रिक्षाने वीस मिनिटांवर होता आणि मी तिला फोन केला नाही. ती आजारी होती हे कारण मी तेव्हा स्वतःला दिलं. ते कारण नव्हतं... मला लाज वाटत होती. एक वाजता मी लॅपटॉप घेऊन वॉर्डात गेले.

ती एका कुशीवर पडून होती, उजव्या हाताला सुई. मी सगळं सांगितलं. मला वाटलं, ती आधी विचारेल की काय दाबलंस. तिने विचारलं, "आज गुरुवार हाये ना? रक्त कोनाकोनाले चढून राह्यलं?"

"माहीत नाही. साइटच उघडत नाही."

"साइट नाही उघडत. डाटा कुठं गेला? डाटा तं तिथंच हाये. पह्यले लेकरायचे नावं काढ. साइट मंग पाहू."

साइटशिवाय, सरळ डेटाबेसमधून त्या दिवशी येणाऱ्या मुलांच्या नोंदी काढायला मला अकरा मिनिटं लागली. हे मी नऊ वाजता करू शकले असते. सोळा नावं होती. सातवं नाव आरती, वय अकरा, दिग्रसच्या पुढचं गाव. तिच्या नोंदीत संगीताने ठळक अक्षरांत टाकलेलं होतं: मागे रक्त दिल्यावर त्रास झाला, नागपूरला तपासणी केली, अमुक खूण असलेलं रक्त हिला देऊ नये. मी फोन लावला. मीनाताई म्हणाल्या, "आरतीची पिशवी बाराले संपली, ताई. बरी हाये पोरगी. रक्त जुळवूनच देल्लं. तिचा बाप घेऊन गेला तिले, एसटी होती त्यायची."

रक्त जुळलं होतं, हे खोटं नव्हतं. डॉक्टरबाईंनी नंतर आम्हाला समजावून सांगितलं. अशा मुलांच्या अंगात परक्या रक्ताविरुद्ध जे तयार होतं ते वर्ष-दोन वर्षांत इतकं कमी होतं की जुळवून बघताना दिसतच नाही. तपासणीच्या नळीत सगळं ठीक दिसतं. मग रक्त आत गेलं की शरीराला जुनं आठवतं, आणि आठवड्याभरात ते दिलेलं रक्त फुटायला लागतं. म्हणून तिथे फक्त जुनी नोंद कामाची. डॉक्टरबाईंनी त्याच दुपारी आरतीच्या वडिलांना फोन लावला, लागला नाही. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याचा लागला, लघवी लाल झाली की लगेच घेऊन या असा निरोप दिला, तो 'सांगतो' म्हणाला. तो निरोप पोचला की नाही, मला आजही ठाऊक नाही.

संगीताने त्या खाटेवरूनच मला जुनं पायथन नव्या मशीनवर एका वेगळ्या कोपऱ्यात बांधायला लावलं. ती डोळे मिटून एकेक आज्ञा सांगायची, मी टाइप करायची, मध्येच कळ आली की ती चादरीचा कोपरा दातात धरायची आणि मी थांबायची. वॉर्डातल्या बायका आमच्याकडे बघत होत्या. लाइट जाऊन येऊन होती. शुक्रवारी दुपारी रजिस्टर उघडलं. ती म्हणाली, "झालं," आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

त्यानंतर साधारण अडीच आठवड्यांनी आरतीच्या गावची एक बाई आपल्या मुलाला घेऊन केंद्रात आली होती. तिने सहज सांगितलं, आरती गेली. डोळे पिवळे झाले होते, पण ते तिचे एरवीही असायचे. वेचणी भरात होती. जवळच्या डॉक्टरला दाखवलं. यवतमाळला आणायचं ठरलं त्याच सकाळी गेली.

डॉक्टरबाई म्हणाल्या, त्या रक्तामुळेच गेली असं खात्रीने कुणी सांगू शकणार नाही. संगीता तेव्हा तिथेच खुर्चीवर होती, नुकती घरी सोडलेली. बाहेर व्हरांड्यात आल्यावर मी म्हटलं, "बाई म्हणाल्या ना, खात्रीनं..."

"नऊ वाजता मले फोन काहून नाही केला?"

"तू ॲडमिट होतीस."

"मेली नव्हती ना."

चार महिने ती माझ्याशी बोलली नाही. कामाचे निरोप यायचे, एका ओळीचे. मी लोहाऱ्याला खोलीवर गेले की ती घरून काम करायची. मी गेले नाही त्या दिवशी ती यायची, हे मला टेबलावरच्या पाण्याच्या ओल्या गोल ठशावरून कळायचं. मी तिला एक लांब पत्र लिहिलं होतं. दिलं नाही. त्यात माझंच दुःख फार होतं.

मार्चमध्ये एका संध्याकाळी तिचा फोन आला. "उद्या दिग्रसले जाऊ. सकाळच्या एसटीनं. तू येजो."

आरतीचं घर गावाच्या टोकाला. तिचे वडील किसनभाऊ कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या उपटून नुकतेच आले होते, हातांची सालं निघालेली. आम्ही केंद्रातून आलो म्हटल्यावर त्यांनी बाज टाकली. संगीताने माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं की ती मला कशाला घेऊन आली होती. मी सांगितलं. रजिस्टर कसं बंद पडलं, कुणामुळे, त्यात आरतीबद्दल काय लिहिलेलं होतं, जे त्या दिवशी दिसलं नाही. साध्या शब्दांत सांगायचा प्रयत्न केला, तरी 'सर्व्हर' हा शब्द दोनदा तोंडात आलाच.

किसनभाऊ ऐकत होते. मग उठून आत गेले आणि खुंटीवरची एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आले. त्यातून घडीघडीचा एक कागद काढून माझ्या हातात दिला. नागपूरचा रिपोर्ट.

"हे तेच काय?"

मी हो म्हटलं.

"हे त्या दिवशी बी आनलं होतं म्या. दरखेपी आनतो. खिडकीवर देल्लं तं म्हने, राहू द्या भाऊ, कॉम्प्युटरात हाये सारं." ते रागावले नव्हते. रागावले असते तर मला काहीतरी करता आलं असतं. "आमाले वाटलं, मंग बरंच हाये."

आरतीची आई दारात उभी होती. तिने पाणी आणून ठेवलं आणि पुन्हा आत गेली. निघताना किसनभाऊंनी तो कागद संगीतापुढे धरला. "घेऊन जा. आता कोनाले दाखवू?"

संगीता म्हणाली, "नाही भाऊ. तिचं हाये ते. घरी राहू द्या." आणि मग एकाएकी कळ आली, मांडी दाबत ती बाजेवर बसली. किसनभाऊंनीच तिला विचारलं, "तुमाले बी तेच हाये काय?" तिने मान हलवली. त्यांनी आतून गूळ आणून तिच्या हातावर ठेवला.

येताना दारव्हा गेलं तरी ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "कार्ड करू. छापलेलं. लेकराच्या हातात. अन् खिडकीवर पह्यले कागद पाहायचा, मंग कॉम्प्युटर." मी म्हटलं, करू. मी वाट बघत होते की ती आणखी काही बोलेल, जाऊ दे म्हणेल. तसं ती त्या दिवशी म्हणाली नाही, पुढेही कधी म्हणाली नाही. पण दुसऱ्या दिवशी ती लोहाऱ्याला मी असताना आली, खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली, आणि आम्ही कार्डाचं काम सुरू केलं. त्यानंतर आम्ही एकत्र पाच वर्षांहून अधिक काम केलं. याहून मोठी माफी असते का, मला माहीत नाही. मला तेवढी मिळाली.

त्याच सुमाराला बातमी आली होती की पायथन दोन सांभाळणाऱ्या लोकांनी ते बंद करायची मुदत पाच वर्षांनी पुढे ढकलली. आधी ठरलेलं वर्ष तोंडावर आलं होतं. संगीताला एवढा आनंद झालेला मी क्वचित पाहिला. "पाह्य," म्हणाली, "असं बी होते. तारीख देतात अन् पुढं बी नेतात." ती तेव्हा तेहतीस-चौतीसची होती. लहानपणी एका डॉक्टरने तिच्या वडिलांना ती तिशी बघणार नाही असं सांगितलं होतं, आणि ते तिने दाराआडून ऐकलं होतं.

पण ती वर्षंही संपत आली. बोंडअळीने कापूस नेला त्या हंगामात तिच्या खुब्याचं हाड खराब झालं, काठी आली. शनिवारी घरी जाणं सुटलं. वडील आठवड्याने येऊन तिच्या खोलीवर बसायचे. जुनं व्हर्जन बंद होणार म्हणून रजिस्टर तीनवर न्यायचं काम तिने हातात घेतलं तेव्हा ती म्हणाली, या वेळी घाई नाही. आधी पूर्ण कॉपी. त्या कॉपीवर दोन पॉइंट सहावरून दोनच्याच शेवटच्या व्हर्जनवर जायचं, तिथे थांबायचं, प्रत्येक पान उघडून पाहायचं. मग फ्रेमवर्क एकेक पायरी वर. मग तीन. कोणती पायरी कशाला जुळते याचा तक्ता तिने पुन्हा आखला, या वेळी वहीत, आणि प्रत्येक पायरीला कोणत्या मुलांच्या नोंदी उघडून पाहायच्या त्यांची नावं लिहिली. कठीण नोंदी निवडल्या होत्या. दोन गावांची नावं असलेल्या, जुळी मुलं, रक्ताचा त्रास झालेली. तिच्या हयातीत सहा पायऱ्यांपैकी चार झाल्या.

उरलेल्या दोन मी केल्या. तिच्यानंतर पाच आठवडे लागले. मला एखाद्या संध्याकाळी वाटायचं की आता जुळलं, आता चालू करावं, आणि मी वही उघडून पुढच्या नावाकडे जायची. तिने लिहिलेली सगळी नावं मी उघडून पाहिली. मग एका रविवारी, केंद्र बंद असताना, रजिस्टर नव्या व्हर्जनवर नेलं, आणि गुरुवारी सकाळी आठलाच केंद्रात जाऊन संगीताच्या टेबलाशी बसले. ते टेबल वजनकाट्याच्या मागे आहे, गुरुवारी ती तिथे बसायची. खुर्चीवर तिने उशी बांधलेली आहे, खुब्यासाठी. ती मी काढली नाही. मुलं आली, मीनाताईंनी एकेक नाव टाकलं, एकेक पान उघडलं. कुणाला काही वेगळं वाटलं नाही. दोन वाजेपर्यंत बाक रिकामा झाला.

चारला रजिस्टर आपोआप एक यादी काढतं: आज यायला हवे होते आणि आले नाहीत असे पेशंट. मीनाताई ती वाचून घरोघर फोन करतात. त्या दिवशी नऊ नावं होती. त्या वाचत गेल्या आणि सहाव्यावर थांबल्या. त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. सहावं नाव संगीताचं; तिच्या तपासणीची तारीख त्याच गुरुवारची होती.

"काय करू, ताई?"

मी म्हटलं, मी करते. नावावर दाबलं की न येण्याचं कारण विचारणारी चौकट येते. कारणं संगीतानेच लिहिलेली: वेचणी, गाडी नाही, सोबत कोणी नाही, गाव सोडलं. सगळ्यात खाली मृत्यू. ते निवडलं की तारीख विचारतात, ती घातली. तरी नोंद जतन होईना. खाली लाल अक्षरांत आणखी एक रकाना आला होता. तो भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आरतीचं आम्हाला अडीच आठवड्यांनी एका परक्या बाईकडून सहज कळलं होतं, त्यानंतर हा रकाना संगीताने घातला होता. कुणालाही ऐकीव गोष्टीवर त्या यादीतून काढायचं नाही, सांगणाऱ्याने आपलं नाव द्यायचं, असं तिचं म्हणणं. रकान्यात एवढंच लिहिलंय: कोणी सांगितलं?

मीनाताई उठून खिडकी लावायला गेल्या. मी माझं नाव लिहिलं.